त्रेसष्ट फॉर्म ज्याचे त्याला परत केल्याबाबत

जबाब

नाव : विचारले, सांगितले, ठाण्याच्या वहीत आहे. या कागदावर नको अशी विनंती केली, ती साहेबांनी मान्य केली.
वय : ४१ वर्षे.
व्यवसाय : सर्वेक्षक, कंत्राटी. गेल्या गुरुवारपासून कंत्राटही नाही.
राहणार : बसस्थानकामागील वसाहत, दुसरा मजला, सासूबाईंसह.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने सांगते की, मी ज्या संस्थेत काम करत होते तिच्या संचालक मॅडमनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. कार्यालयातून त्रेसष्ट भरलेले फॉर्म चोरले आणि रुग्णालयातून एक पोस्टर पळवले, असे तिच्यात म्हटले आहे. फॉर्म मी नेले हे खरे आहे. त्याला चोरी म्हणायचे की नाही ते साहेबांनी ठरवावे. कसे नेले आणि का नेले एवढे मी सांगते.

सदर संस्था लोकांच्या भल्यासाठी अभ्यास करते. या खेपेचा अभ्यास मोफत धान्य घेणाऱ्या लोकांवर होता. ते धान्य का घेतात, किती दिवस पुरते, घेताना काय वाटते, असे एकूण एकेचाळीस प्रश्न होते. रांगेतून माणसे मिळवायची, त्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरे लिहून आणायची, हे माझे काम. त्याआधी आम्हाला एका हॉटेलच्या हॉलमध्ये भूक या विषयावर दोन दिवस प्रशिक्षण दिले. जेवण चांगले होते. लोकांना लाभार्थी म्हणायचे नाही, सहप्रवासी म्हणायचे, असे तिथे शिकवले. प्रवास कुठे चालला आहे हे विचारायचे राहून गेले.

धान्यवाटप केंद्र जुन्या कापडगिरणीच्या गोदामात आहे. मंगळवार आणि शनिवार, सकाळी दहा ते एक. पहिल्या मंगळवारी मी साडेनऊलाच टेबल मांडून बसले. मागे फलक होता, 'तुमचा आवाज महत्त्वाचा!' जो सहभागी होईल त्याला संस्थेतर्फे एक कापडी पिशवी भेट होती. पिशवी भगभगीत नारिंगी, तिच्यावर ठळक अक्षरांत 'मी मदत घेतो, मी बोलतो' असे छापलेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा चुकवून तांदूळ घरी नेणाऱ्या माणसाला ही पिशवी द्यायची कल्पना कोणाची होती ते मला माहीत नाही. तिला बक्षीस मिळाले असे ऐकले.

त्या दिवशी एकही माणूस टेबलाकडे आला नाही, म्हणून मी उठून रांगेपाशी गेले. पहिल्या बाई म्हणाल्या, "मी माझ्यासाठी नाही हो घेत. शेजारणीसाठी नेतेय, तिला बरं नाहीये." दुसऱ्याही शेजारणीसाठीच नेत होत्या. अशा अकरा बाया भेटल्या, अकराही जणी शेजारणीसाठी आलेल्या. त्या आजारी शेजारणी सापडल्या असत्या तर माझे काम आठवड्यात आटोपले असते, पण त्या रांगेतच एकमेकींच्या मागे उभ्या होत्या.

शनिवारी मी टेबल मांडले नाही, फलकही गुंडाळून ठेवला. रांगेत जाऊन उभी राहिले आणि सरळ सांगितले की, तुमचे नाव कुठेही येणार नाही, कागद कपाटात कुलपात राहील, ही माझी जबाबदारी. त्या रांगेत मी स्वतः गेल्या वर्षी चार महिने उभी होते, हेही सांगितले. संस्थेला हे ठाऊक नव्हते. संस्थेने विचारले नव्हते. एकेचाळीस प्रश्न फक्त सहप्रवाशांसाठी होते.

त्यानंतर माणसे बोलू लागली. लग्नात बँड वाजवणारे एक आजोबा बोलले, बंद पडलेल्या छापखान्याचा जुळारी बोलला, दोन जावा एकमेकींना चोरून बोलल्या. तीन आठवड्यांत त्रेसष्ट फॉर्म भरले. मॅडमनी सगळ्यांसमोर माझे कौतुक केले, "बघा, हिच्या चेहऱ्यातच विश्वास आहे," म्हणाल्या.

आता त्रेसष्टाव्या फॉर्मबद्दल सांगते.

त्या बाई रांगेत नेहमी शेवटी असत. अंगावर लांब कोट, गळ्यापर्यंत बटणे लावलेली, ऊन असले तरी. खाली पांढरे बूट. असे बूट रुग्णालयात घालतात हे लहान मूलही सांगेल. त्या परिचारिका होत्या. मी दोनदा विचारले, दोनदा त्या नको म्हणाल्या. तिसऱ्या वेळी गोदामाच्या मागच्या पायऱ्यांवर बसू म्हणाल्या. बसल्या. नवरा नाही, मुलगी चौथीत, पगार भाड्यात आणि आईच्या औषधात जातो. उत्तरे पटापट देत होत्या, तब्येतीचा तक्ता वाचून दाखवावा तशी.

प्रश्न बावीस असा होता : गेल्या तीस दिवसांत अन्न मिळवण्यासाठी तुम्हाला संकोच वाटेल असे काही करावे लागले का? हा प्रश्न वातानुकूलित खोलीत तयार झाला आहे.

त्यांनी कोटाचे वरचे बटण काढून पुन्हा लावले. मग म्हणाल्या, "वॉर्डात एखादीला जेवण जात नाही. ताट तसंच परत येतं, हात न लावलेलं. कधीकधी मी ते झाकून ठेवते. मुलीला नेते. पेशंट जेवली नाही तरच हं, आणि मी आधी तिला दोनदा विचारते." मी लिहून घेतले. त्यांनी माझ्या पेनवर हात ठेवला. म्हणाल्या, "हे नका लिहू ना, ताई."

मी म्हणाले, "लिहिलं नाही तर लोकांना कळणार कसं?"

हे वाक्य माझे आहे. ते जसेच्या तसे लिहून घ्यावे.

त्यांनी हात काढला.

पुढे महिनाभर मी दुसऱ्या कामावर होते. त्या काळात संस्थेच्या मजकूर विभागाने आमच्या फॉर्ममधली वाक्ये निवडून सोळा पोस्टरे तयार केली. माझ्या माहितीप्रमाणे मजकूर विभागात कोणी कधी रांगेत उभे राहिलेले नाही, पण त्यांची भाषा फार हृदयस्पर्शी आहे. पोस्टरे गावभर लागली. त्यातले एक शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या दर्शनी दालनात लागले, कारण रुग्णालयाचे एक विश्वस्त संस्थेचे देणगीदार आहेत. पोस्टरवर परिचारिकेची काळी सावली होती, आणि खाली मजकूर : 'रोज पेशंटच्या ताटातलं उष्टं मी मुलीसाठी घरी नेते. – एक परिचारिका, महिला वॉर्ड, एका मुलीची आई.'

त्या रुग्णालयाच्या महिला वॉर्डात परिचारिका तीन. एक नुकतीच शिकून आलेली, लग्न न झालेली. एकीला दोन मुलगे, दोघेही नोकरीला. तिसरीची सावली भिंतीवर.

दोन दिवसांनी, बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास, मला फोन आला. आवाज ओळखू आला. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात ना ताई, लोकांना कळणार कसं. कळलं." फोन ठेवला. पेशंटच्या तोंडचा घास काढल्याचा आरोप ठेवून त्यांना निलंबित केल्याचे मला दुपारी रुग्णालयातल्या एका आयाकडून समजले. मी त्या दिवशी जेवले की नाही हे साहेबांनी विचारले. त्याचा तपासाशी संबंध नाही.

गुरुवारी सकाळी दहाला मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. तेव्हा झालेले बोलणे असे.

मी म्हणाले, "मॅडम, त्या पोस्टरमुळे बाईंची नोकरी गेली."

"अगं पण चेहरा कुठे दाखवलाय आपण? गोपनीयता पूर्ण पाळलीय."

"त्या 'कधीकधी' म्हणाल्या होत्या. तुम्ही 'रोज' छापलंय. उष्टं नव्हतं ते, हात न लावलेलं ताट होतं."

"भाषा थोडी सोपी करावी लागते. 'कधीकधी' वाचून कोण थांबतं सांग मला? 'रोज'ला लोक थांबतायत. काल एक बाई रडल्या तिथे."

"कोण बाई?"

"देणगीदाराच्या मिसेस."

मी पोस्टर काढा म्हणाले. मॅडम म्हणाल्या की अभियान महिनाभर चालणार आहे, आणि उलट माझ्यासाठी आनंदाची बातमी आहे. देणगीदारांना आता यावर छोटी फिल्म करायची होती. त्यासाठी त्रेसष्टही फॉर्म पत्ते आणि फोन नंबरांसह सोमवारी त्यांच्याकडे जाणार होते आणि ते स्वतः घरोघरी जाऊन चेहरे निवडणार होते. "तू सोबत जा," मॅडम म्हणाल्या. "लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे."

मी बरे म्हणाले आणि बाहेर आले.

दुपारी सव्वादोनला सगळे जेवायला गेले. मी कपाटातून फॉर्मची फाइल घेतली. कपाट उघडे होते. किल्ली कोणाकडे असते आणि ते कसे उघडे राहिले, हे मला सांगता येणार नाही. वॉचमनकाका त्या वेळी खिडकीबाहेर कबुतरे बघत होते, एवढे मी पाहिले. फाइल नारिंगी पिशवीत घातली, कारण कार्यालयात त्या पिशव्या तीनशे पडून आहेत. पुढच्या दाराने गेले. स्वागतकक्षातल्या मुलीने "अच्छा" केले, मीही केले.

तिथून थेट रुग्णालयात. पोस्टर पळवले हा आरोप मला मान्य नाही. पोस्टरला चार स्क्रू होते. रुग्णालयाच्या फाटकावरच्या चौकीवरून पेचकस मागून आणला, चारही काढले, पोस्टर गुंडाळून स्क्रूंसह चौकशी खिडकीवर दिले आणि मिळाल्याचे लिहून मागितले. खिडकीवरच्या बाईंनी पोस्टर उलगडून वाचले, मग माझ्याकडे पाहिले आणि सही करून दिली. तो कागद सोबत जोडत आहे. पोस्टर पुढे कुठे गेले ते त्या खिडकीला विचारावे.

शनिवारी सकाळी दहाला मी गोदामाच्या रांगेत गेले. नाव न घेता, घडी घालून, ज्याचा फॉर्म त्याच्या हातात दिला. फिल्मचे सांगितले, पोस्टरचे सांगितले, नाव येणार नाही हे मी दिलेले वचन खोटे ठरले हेही सांगितले. शिव्या बसतील असे वाटले होते. दोघींनी दिल्याही, योग्य त्या दिल्या. जुळाऱ्याने कागद तिथेच फाडून खिशात घातला. बँडवाल्या आजोबांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाचले आणि म्हणाले, "चांगलं बोललोय की मी. हे असं कोणी विचारतच नाही." तो त्यांनी जपून ठेवला. दोन्ही जावांना फॉर्म एकाच वेळी द्यावे लागले. त्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, मग एकीच्या डोळ्यांत पाणी आले, कोणाच्या ते सांगत नाही. रांगेत सत्तावन्न दिले. पाच घरी जाऊन दिले.

राहिलेला एक घेऊन संध्याकाळी पाचला परिचारिका बाईंकडे गेले. दार त्यांच्या मुलीने उघडले. बाईंनी आत बोलावले नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही नको म्हणाला होतात." त्यांनी फॉर्म घेतला, प्रश्न बावीस काढला आणि वाचला. माझ्या अक्षरात जे त्या म्हणाल्या तेच होते : कधीकधी. हात न लावलेले. दोनदा विचारून. त्यांनी ते पुन्हा वाचले. मग मुलीला म्हणाल्या, "मावशींना पाणी दे."

पाणी मी उंबऱ्यातच प्यायले.

सोमवारी देणगीदार घरोघर न जाता घरीच राहिले. त्याच दिवशी रुग्णालयात चौकशी झाली. बाईंनी फॉर्म समितीपुढे ठेवला. वॉर्डातल्या दोन पेशंटनी, आम्हाला या बाई घास घास भरवतात, असे सांगितले. त्यांना परत कामावर घेतले, पण दुसऱ्या वॉर्डात, आणि समज देऊन. हात न लावलेली ताटे आता दोघींच्या सहीने कचऱ्यात टाकायची असा नियम झाला आहे. संस्थेने त्याच संध्याकाळी पत्रक काढून या नियमाचे स्वागत केले. अभ्यासाचा परिणाम दिसू लागला आहे, असे त्यात म्हटले आहे.

आज बुधवारी दुपारी साडेतीनपासून माझा हा जबाब चालू आहे. साहेबांनी विचारले की फॉर्म ज्यांना दिले त्यांची नावे सांगा. मी सांगितली नाहीत. मग म्हणाले, निदान त्या परिचारिकेचे तरी सांगा, तुमच्याच बाजूची साक्ष होईल. मी नाही म्हणाले. साहेब म्हणाले, "बाई, अशानं तुम्हालाच जड जाईल." मी म्हणाले, जाऊ द्या.

त्या वेळी पावणेपाच झाले होते. दाराशी असलेल्या हवालदारांनी आत येऊन सांगितले की बाहेर बाकावर एक बाई तासभर बसल्या आहेत, ड्यूटीला जायचे आहे, आत सोडा म्हणतात. परिचारिका बाई आत आल्या. माझ्याकडे पाहिले नाही. टेबलावर स्वतःचा फॉर्म ठेवला आणि साहेबांना म्हणाल्या, "यांना काय विचारता? त्या सांगायच्या नाहीत. मला विचारा. चोरी गेलेला कागद हाच ना? माझा आहे हा, माझ्याकडेच राहणार. लिहा माझं नाव." आणि त्यांनी नाव सांगितले, पूर्ण, बापाच्या नावासकट, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे.

नाव मी आज पहिल्यांदाच ऐकले, कारण फॉर्मवर फक्त क्रमांक, पत्ता आणि फोन असतो. या जबाबात ते लिहिलेले नाही. त्यांच्या जबाबात येईल, त्यांच्या सांगण्याने.

वर लिहिलेले सर्व साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच त्यात आहे, कोणी सोपे केलेले नाही. सही करण्याआधी याची प्रत हातात हवी असे मी सांगितले. तशी पद्धत नाही, असे साहेब म्हणाले. मी थांबते म्हणाले. सहा वाजून दहा मिनिटांनी प्रत मिळाली. सही केली.