पहिल्या पाळीला ओसगुड

सावनी : नाही नाही बाबा, त्या ‘ऑटो’ बटणावर बोटसुद्धा नेऊ नका! ते दाबलं की कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने माणसं निवडतो. गेल्या वर्षी तेच झालं आणि मी दहांत दहावी आले.

त्र्यंबकराव : नाही नेत. माऊस केयाच्या हातात आहे, मी नुसता चष्मा लावून बसलो आहे. तू कुठवर आली?

सावनी : कुठवरच नाही. अ‍ॅक्रनहून निघाल्याला दोन तास झाले. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झालाय, वर हा मार्चातला बर्फ. मुंगीच्या पावलाने सरकतेय. फोन स्पीकरवर आहे, हातात घेतला तर पोलीस दंडाची पावती फाडतील, आणि एक्झिट अजून नऊ मैलांवर. वर्षभर वाट बघितली हो मी या शनिवारची! आणि ड्राफ्ट चार मिनिटांत!

केया : थ्री मिनिट्स, मम्मा.

सावनी : केया, बाळा, तू तिथेच बस. आजोबा सांगतील ते क्लिक कर, आणि टायमर मोठ्याने वाच.

त्र्यंबकराव : मला एकदा नीट समजू दे. हे पोट्टे खेळणार आपापल्या टीममध्ये, आणि मार्क तुम्हाला?

सावनी : हो. आम्ही ऑफिसातले दहा जण. पाळीपाळीने एकेक खरा बेसबॉल खेळाडू आपल्या टीममध्ये घ्यायचा, तोच हा ड्राफ्ट. एकाने घेतला की तो दुसऱ्याला नाही. गुरुवारपासून सीझन सुरू. आपला माणूस मैदानावर जे करेल त्याचे पॉइंट्स आपल्याला, थेट सप्टेंबरपर्यंत.

त्र्यंबकराव : म्हणजे घाम त्यांचा आणि मिरवायचं तुम्ही.

सावनी : अगदी तस्संच! आणि शेवटचा येईल त्याने केळ्याचा ड्रेस घालून ऑफिसच्या मीटिंगला बसायचं.

केया : मम्मा वॉज द बनाना. आय हॅव फोटोज.

सावनी : ते फोटो डिलीट कर म्हटलं होतं ना तुला? बाबा, फ्रिजवर माझी यादी आहे, चुंबकाखाली. दोन महिने रोज लंचला बसून केलीय. पहिलं नाव विन्स्लो. तो गेला तर बेलमोंते. तो गेला तर पुढचा. वरून खाली यायचं, बस.

त्र्यंबकराव : यादी हातातच आहे माझ्या. पण सावनी, एक विचारू? यात तो ओसगुड कुठेच दिसून नाही राहिला.

सावनी : कोण ओसगुड?

त्र्यंबकराव : अगं, तो डावखुरा. दाढीवाला. दुपारी टीव्हीवर त्या सरावाच्या मॅचेस लागतात ना, त्यात बॉल टाकतो. मी लिहून ठेवलं आहे सगळं माझ्या वहीत.

सावनी : बाबा, तो सदतीस वर्षांचा आहे! कोपराचं ऑपरेशन झालंय त्याच्या. गेलं अख्खं वर्ष घरी बसून होता. त्याला कोणी फुकट घेणार नाही.

त्र्यंबकराव : घरी बसलेला माणूस बाद झाला असं नसते.

सावनी : मी तसं नाही म्हणाले.

केया : इट्स स्टार्टिंग! आजोबा, वी आर नंबर फोर!

सावनी : चौथा नंबर? अरे वा! देवा, विन्स्लो राहू दे, विन्स्लो राहू दे... केया, पहिल्याने कोणाला घेतलं?

केया : नॉट विन्स्लो. सेकंड... नॉट विन्स्लो. थर्ड इज थिंकिंग.

सावनी : पुढची गाडी सरकली तरी मी तिथेच. मागचा हॉर्न वाजवतोय. वाजव बाबा, तुला काय कळणार इथे काय चाललंय!

केया : थर्ड टुक समवन एल्स! मम्मा, विन्स्लो इज देअर!

सावनी : घ्या! घ्या घ्या घ्या! चौथ्या नंबरला विन्स्लो! यंदा केळं दुसऱ्या कोणाला तरी बनवते की नाही बघा!

त्र्यंबकराव : एक मिनिट. इथे बाजूला कोणी काही लिहून राहिलं. केया, वाच बरं.

केया : इट्स ग्रेग. ही इज नंबर फाइव्ह. तो म्हणतो, प्लीज, विन्स्लो मला ठेवा, आज माझ्या छोट्या मुलाचा बर्थडे आहे, विन्स्लो त्याचा हीरो आहे. अँड अ क्राइंग फेस.

त्र्यंबकराव : आता बाप्पा! वाढदिवस आहे पोराचा?

सावनी : बाबा? काय करताय? क्लिक केलं का?

केया : फोर्टी सेकंड्स.

त्र्यंबकराव : अगं, माणूस सगळ्यांसमोर हात जोडून राहिला. लेकराच्या तोंडचा घास कसा काढायचा? आपल्याला दुसरा मिळेल. केया, याला लिही, हॅपी बर्थडे टु युअर सन, प्लीज टेक.

सावनी : नाही! बाबा, नाही! ग्रेगला मुलगा नाही! ग्रेगला दोन मांजरं आहेत!

त्र्यंबकराव : काय?

केया : आय ऑलरेडी सेंट इट. ट्वेंटी सेकंड्स!

सावनी : अहो, तो थापा मारतोय! दरवर्षी कोणाला तरी बनवतो! केया, विन्स्लो दाब! लगेच!

त्र्यंबकराव : आता शब्द गेला ना माझा. लिहून दिलं.

सावनी : मांजरांना कसला शब्द देता? बरं, बरं, मग बेलमोंते! यादीतलं दुसरं नाव! बेलमोंते!

केया : टेन! नाइन! आजोबा, हू?

त्र्यंबकराव : ओसगुड.

केया : डन!

सावनी : ...काय डन?

केया : वी गॉट ओसगुड. मम्मा, सगळे लाफिंग फेसेस टाकतायत. लाइक, अ लॉट.

सावनी : पहिल्या पाळीला ओसगुड. पहिल्या पाळीला! बाबा, मी यादी दिली होती तुम्हाला. वरून खाली वाचायची होती फक्त. एवढं साधं काम होतं! सगळं वाटोळं केलंत तुम्ही.

त्र्यंबकराव : हं.

सावनी : आता सहा महिने मी कुठल्या तोंडाने लंचला बसू तिथे?

त्र्यंबकराव : चुकलं माझं. म्हणूनच जावईबापूंना सांगून परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं मी. सहा महिने म्हणून आलो होतो, पण इथे माझा उपयोग नाही कोणाला. तुम्ही आपले कामात. मी खिडकीतून गाड्या मोजतो. पुढच्या सोमवारी गेलो की तुझी यादी तू वाच.

सावनी : बाबा, मी तसं...

केया : आजोबा, आवर टर्न अगेन. नाइंटी सेकंड्स.

त्र्यंबकराव : हो. दाब बाळा, यादीतलं पुढचं नाव. आता वरून खालीच जाऊ.

(पाच दिवसांनी, गुरुवारची दुपार. पुन्हा फोनवर.)

सावनी : हॅलो, केया? मी ऑफिसच्या फोनरूममध्ये दार लावून बसलेय. चार वाजता मीटिंग आहे. ओसगुडचं काय चाललंय? अ‍ॅपवर काहीच नीट दिसत नाहीये.

केया : मम्मा, ओ माय गॉड! ओ माय गॉड!

सावनी : वाईट आहे का? सांगून टाक.

केया : आय कान्ट टॉक. आजोबा, यू टॉक!

त्र्यंबकराव : बोल. पण लवकर बोल, मी लिहून राहिलो. सहावा डाव. आतापर्यंत नऊ त्रिफळे उडाले.

सावनी : नऊ स्ट्राइकआउट? ओसगुडचे?

त्र्यंबकराव : तुमच्याकडे काय म्हणतात ते म्हणा. तीन हुकले की माणूस गेला, तो त्रिफळाच. पण आता पेच आहे. तिन्ही बेसवर माणसं उभी, दोन बाद. समोर तो धिप्पाड कोण...

केया : विन्स्लो!

सावनी : ग्रेगचा विन्स्लो?

त्र्यंबकराव : तोच. मांजरांचा हीरो.

सावनी : बाबा, कॉमेंट्री करा! मला बघता येत नाहीये!

त्र्यंबकराव : मला कुठे येते कॉमेंट्री? एकतीस वर्षं क्रिकेटच्या स्कोअररच्या टेबलावर तोंड बंद ठेवून बसलो मी.

सावनी : आज उघडा!

त्र्यंबकराव : बरं, ऐक. ओसगुडने टोपी खाली ओढली. हात मागे... टाकला. बाहेरून. सोडला त्यानं. मी रेघ मारली... आता दुसरा. फिरवली! हुकला! टिंब. पुन्हा फिरवली, बारीकशी लागली, मागे गेला बॉल. दोन स्ट्राइक झाले. आता पाहा हं सावनी, आता तो हळूचा टाकणार.

सावनी : तुम्हाला कसं माहीत?

त्र्यंबकराव : वहीत आहे. चार मॅचेस, दोनशे अकरा बॉल. हात तोच, पवित्रा तोच, आणि दोन स्ट्राइक झाले की बॉल हळू. कोपर दुखलं म्हणून वेग गेला असं तुम्ही म्हणता. अगं, वेग गेला म्हणून माणूस डोकं वापरायला लागला. समोरचा आपला घाईने बॅट फिरवून मोकळा होतो.

केया : ही इज थ्रोइंग!

त्र्यंबकराव : टाकला... हळू! हळू! हुकला! गेला! गेला विन्स्लो! दहावा! दहावा त्रिफळा! पूर्ण गोल फिरून बसला पाहा खाली!

केया : येस! येस! येस! आजोबा इज डान्सिंग, मम्मा! ही इज ऑन द सोफा!

सावनी : सोफ्यावर? बाबा, गुडघा!

त्र्यंबकराव : जाऊ दे गुडघा!

सावनी : इथे काचेबाहेर सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि मी एकटीच उड्या मारतेय! थांबा, आकडे आले... पहिला नंबर! बाबा, लीगमध्ये आपण पहिले! मी आजवर कधीच पहिली नव्हते, एका दुपारपुरतीसुद्धा!

त्र्यंबकराव : एका दिवसानं काय होते. मोठा सीझन आहे.

सावनी : ग्रेग आलाय दाराशी. खुणा करतोय. थांबा हं... ऐका, तो विचारतोय, तुझ्यासाठी खेळाडू हेरून कोण देतं? मी म्हटलं, माझे वडील. तो म्हणतो, त्यांची ती वही एका दिवसासाठी मिळेल का?

त्र्यंबकराव : वाढदिवस आहे का म्हणावं वहीचा? स्कोअररची वही मैदानाबाहेर जात नसते.

सावनी : सांगते. तोंड बघा कसं झालंय त्याचं! ...गेला. बाबा, अजून ऐकताय ना?

त्र्यंबकराव : ऐकून राहिलो.

सावनी : शनिवारी मी ओरडले तुमच्यावर. तेव्हापासून रोज मनात येतंय आणि जेवताना तोंडातून निघत नाही. चुकलं माझं. तुम्ही जाऊ नये असं वाटतं मला. ओसगुडने आज मार खाल्ला असता तरी हेच म्हटलं असतं.

त्र्यंबकराव : तू तुझ्या मीटिंगला जा.

सावनी : जाते.

त्र्यंबकराव : हा पुन्हा कधी टाकेल?

सावनी : ओसगुड? पाच दिवसांनी. मंगळवारी.

त्र्यंबकराव : मंगळवारी. सोमवारी तर मी विमानात.

केया : देन हू विल डू द डॉट्स? आजोबा, मला डॉट्स येत नाहीत.

सावनी : तुम्ही परवाच ना केयाला सांगत होतात, एकतीस वर्षांत डाव अर्धा टाकून एकदाही उठलो नाही म्हणून?

त्र्यंबकराव : ते क्रिकेटचं होतं.

सावनी : बरं. ठेवू मग फोन?

त्र्यंबकराव : थांब. जावईबापू कितीला येतात घरी?

सावनी : सहाला. का?

त्र्यंबकराव : ते तिकीट बदलता येते का, विचारायचं होतं. मंगळवारचं पान आखून झालं माझं.