चेंबरचा नट आवळलेला होता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते फोरमनसाहेब, त्यांच्या सौभाग्यवती, कार्यशाळेतील कामगार बंधू आणि त्यांच्या घरची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

कुटुंबांतर्फे कुणी बोलायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली. देवानेच काढली म्हणायची. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, माईकसमोर आयुष्यात पहिल्यांदा उभी. लिहून दिलेलं भाषण पर्समध्ये आहे. त्यात साहेबांना ‘इंजिनांचे डॉक्टर’ म्हटलं आहे. मग एका रोग्याची हकीकत सांगायला हरकत नसावी.

अकरा वर्षांपूर्वी कंपनीची एक पिकअप भर रस्त्यात बंद पडली. ऑइल गळून संपलं, इंजिन जाम. आदल्याच आठवड्यात तिचं ऑइल आमच्या ह्यांनी बदललं होतं. साहेब गाडीखाली गेले, इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं, ऑइल बदलताना खोलतात त्या त्याच्या नटाला बोट लावलं, बोट काळं झालं. झालं निदान! सगळ्यांसमोर म्हणाले, “वीस वर्षं काम करून साधा नट आवळता येत नाही?” रिपोर्टात ‘निष्काळजीपणा’ लिहिला गेला. ह्यांच्या हातातला पाना गेला आणि पाण्याचा पाइप आला. आजही हे गाड्या धुतात. ते बघा, शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलेत. येतच नव्हते.

ह्यांनी भांडायला हवं होतं, असं वाटतं ना तुम्हाला? कसे भांडणार? ह्यांना स्वतःलाच वाटायला लागलं, की आपणच विसरलो. तेव्हापासून घरात गॅसचं बटण तीनतीनदा बघतात. कुलूप ओढून ओढून दाराची कडी सैल केली.

इंजिन दुरुस्त करून, वरचेवर ऑइल ओतत कंपनीने ती पिकअप चालवली आणि गेल्या वर्षी मोडीत काढली. ती आम्ही घेतली. हे नको म्हणत होते, मी म्हटलं, स्वस्त आहे. अंगणात उभी केली, तर खाली रोज काळा डाग. हे काही तिच्याखाली जायला तयार नाहीत. मला इंजिनातलं काय कळतंय? पण देवापुढचा दिवा मी रोज घासते. दिव्याखाली तेल साचलं म्हणून तळ फुटलेला नसतो, वात काठावर आलेली असते.

म्हटलं, “अहो, वरून बघू या.”

“फोरमननी बघितलंय.”

“त्यांनी खालून बघितलंय. तेही बंद इंजिन. आपण चालू करून बघू.”

“तू आता मला शिकव!” म्हणाले, पण उठले.

इंजिन धुऊन कोरडं केलं, त्यावर अंगाला लावायची पावडर मारली. अर्धा डबा गेला, त्याचं अजून वाईट वाटतं. गाडी चालू केली आणि दहा मिनिटांत पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. इंजिनाच्या मागे, वरच्या अंगाला, ऑइल प्रेशरचा अंगठ्याएवढा स्विच आहे. तो गाडीबरोबर आलेला, अगदी जुनाच. इंजिन चालू असलं की त्याच्यातून ऑइल पाझरत होतं, पाठीवरून ओघळत थेट चेंबरच्या नटावर जमत होतं.

हे जमिनीवरच बसले. म्हणाले, “म्हणजे मी आवळला होता.”

एवढंच. अकरा वर्षांनी.

नवा स्विच ह्यांनीच बसवला. गाडीखाली पुठ्ठा ठेवला आहे. महिना झाला, कोरडा आहे.

मग मी साहेबांना भेटले. खुर्ची दिली, चहा दिला, खोटं कशाला बोलू? म्हणाले, “वहिनी, इंजिन खोललं तेव्हाच मला त्या स्विचची शंका आली होती. पण रिपोर्ट वर गेला होता. आता जुनं उकरून काय मिळणार?” घरी येईपर्यंत मी विचार करत होते, की शंका आली होती तर स्विच का नाही बदलला? वाटेतच उत्तर मिळालं. स्विच बदलला असता, तर रिपोर्टही बदलावा लागला असता.

अध्यक्ष महोदय, पाना परत नको. ह्यांचीही दोनच वर्षं उरलीत. नट आवळलेला होता, एवढं एक वाक्य साहेबांनी सगळ्यांसमोर बोलावं. तेव्हाही ते सगळ्यांसमोरच बोलले होते.

साहेबांना निरोगी आयुष्य लाभो, अशी प्रार्थना मी आज सकाळी खरंच केली. देवापुढे खोटं चालत नाही. मला बोलू दिलंत, तुम्हा सर्वांची मी आभारी आहे. कुठे शब्द जास्त झाला असेल तर सांभाळून घ्या. माझी चूक मला आजच दाखवा, आजच मान्य करीन.

माईक बंद करू नका. तो मी साहेबांच्या हातात देते आहे.

अहो, तुम्ही दाराजवळून उठू नका. बसा तिथेच.