एक नळी कमी

गिरिधर : चर्चच्या ऑर्गनच्या नळ्या परत मोजल्या, मावशी. दोनशे अठ्ठ्याऐंशी. कागदावर दोनशे एकोणनव्वद.

द्वारकाबाई : कागद जुना हाय, गिरिधरभाऊ.

गिरिधर : फादरच्या हातचा आहे.

द्वारकाबाई : मंग बराबर आसंल.

गिरिधर : चर्चचं गोदाम झालं त्याला चौदा वर्षं झाली. एका नळीपायी तीन गिऱ्हाइकं परत गेली.

द्वारकाबाई : त्यातल्या एकाला हाटेलात शोभेला ठिवायचा हुता बाजा.

गिरिधर : उद्या नगरच्या चर्चचे लोक येतायत. पूर्ण असेल तरच नेणार. नाहीतर परवा भंगारात. सोसायटीला युरियाला जागा पाहिजे.

द्वारकाबाई : नगरवाले वाजवनार का पर?

गिरिधर : दर रविवारी.

द्वारकाबाई : भाता कोन मारनार?

गिरिधर : मोटर बसवणार म्हणे.

द्वारकाबाई : आमच्या मालकांनी बावीस वर्सं मारला. माघं, पडद्याआड. लोक फादरला शाबासकी देऊन जायचे.

गिरिधर : मच्छिंद्रकाका असते तर नळीचा पत्ता लागला असता.

द्वारकाबाई : त्यांनीच काढली. चर्चला कुलूप लागलं त्या दिशी. म्हनले, एक कमी आसली की कुनी नेत न्हाई. वाजवनारा आला तर दे.

गिरिधर : मावशी! आणि आहे कुठं ती?

द्वारकाबाई : चुलीम्होरं. फुकणी हाय.

गिरिधर : फुकणी?

द्वारकाबाई : मधी भोक हाय. फुकलं की वाजायची, जाळ व्हायचा न्हाई. मंग भोकावर कणीक थापली.

गिरिधर : चौदा वर्षं?

द्वारकाबाई : कणीक बदलते की. सणासुदीला.

गिरिधर : ती द्यावी लागेल, मावशी.

द्वारकाबाई : त्यांचं तेवढंच हाय घरात. फोटू काढला न्हाई कधी. वरसाला चार फोटोवाले यायचे चर्चात, पर मालक पडद्याआड.

गिरिधर : मी जबरदस्ती करत नाही. सकाळपर्यंत सांगा.

द्वारकाबाई : सकाळी भाकरीची येळ आसती. थांबा, आत्ताच आनते.

(द्वारकाबाई मागच्या खोलीतून काळीकुट्ट नळी आणतात. नखानं कणीक खरवडतात, पदरानं पुसतात आणि एकदा फुंकतात. बारीक, सरळ सूर निघतो.)

गिरिधर : वाजतेय की अजून.

द्वारकाबाई : वाजंल न्हाई तर. न्या.

गिरिधर : नवी फुकणी आणून देतो बाजारातून.

द्वारकाबाई : आना. आन् त्या मोटरवाल्यांना एक सांगा. गाण्याच्या मधी एक डाव थोडं थांबा म्हनावं.

गिरिधर : का?

द्वारकाबाई : तिथं मालक दम घ्यायचे.