टाकीमागचा कांदा

रत्नाबाई : लपवू नकोस. ब्लेड दिसलं, बाटली दिसली. आता कांदा कुठं हाय ते तू सांगतीस का मी सांगू?

(मंगळवार पेठेतल्या मगदूमांच्या घराची गच्ची, सकाळचे साडेसहा. पाण्याच्या टाकीसमोर उपड्या बादलीवर आजी ठाण मांडून बसलेली. अकरावीतली नात दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी. गच्चीवरून खाली जायला जिना एकच, आणि तो आजीच्या पाठीशी.)

आदिती : कुठला कांदा, आज्जी?

रत्नाबाई : टाकीच्या मागं, काचेच्या ग्लासावर बसवलेला. तुझ्या बापाचा सरबताचा ग्लास हाय त्यो.

आदिती : तुला कधी कळलं?

रत्नाबाई : रविवारी. वाळलेली कापडं काढायला आलते.

आदिती : रविवारी? आज शुक्रवार आहे. आणि तू काहीच बोलली नाहीस?

रत्नाबाई : तू तरी कुठं बोललीस? सतरा वर्षं ह्या घरात कांद्याचं साल आलं न्हाई. आनि आलं ते चोरून.

आदिती : मी आणणारच नव्हते. पण मॅडम म्हणाल्या, प्रत्येकानं आपापला कांदा पाण्यावर ठेवायचा, मुळं वाढवायची. आज सकाळी टोकं कापून ह्या बाटलीतल्या औषधात घालायची आणि उद्या कॉलेजमध्ये स्लाइड करायची. मुळं नाहीत तर प्रॅक्टिकल नाही. वर्गातल्या प्रियदर्शनीकडं ठेवणार होते, तर ती मामाकडं बिद्रीला जाऊन बसलीय.

रत्नाबाई : म्हंजे मार्कासाठी.

आदिती : फक्त मार्कांसाठी नाही. मला बघायचंय, आज्जी. एका पेशीच्या दोन होतात, हे तीन वर्षं नुसतं चित्रात बघतेय.

रत्नाबाई : मागल्या महिन्यात जास्वंदीची कुंडी दोन दिवस कपाटात कोंडलीस. मग पानाला काळा कागद चिकटवून उन्हात ठेवलीस, आनि शेवटी ते पान तोडून उकाळलंस. मी काय बोलले?

आदिती : बोललीस. दोन्ही दिवस बोलत होतीस.

रत्नाबाई : झाड उपाशी ठेवल्यावर माणूस बोलणारच की.

आदिती : उपाशीच ठेवावं लागतं. पानातलं जुनं पिष्ट संपलं, तरच उन्हात नवीन कुठं तयार झालं ते कळतं.

पारस, आदितीचे वडील (खालून) : आदे, आवर. सातला गाडी काढणार हाय मी. मग चालत जा.

आदिती : आज्जी, पप्पांना सांगू नको. जरा सरक ना. टोकं आत्ताच कापायला पाहिजेत, सकाळीच जास्त पेशी एकीच्या दोन होताना सापडतात म्हणे. आणि मुळं नसतीलच तर तसं सांग, मी काही रडणार नाही. सोमवारी सकाळी एकपण नव्हतं.

रत्नाबाई : त्यानंतर बघितलास का?

आदिती : तू सारखी गच्चीवर. येणार कशी?

रत्नाबाई : बघ आता.

आदिती : अगं... केवढी फुटलीत. बोटाच्या पेराएवढी लांब झालीत काही. पण सोमवारी तर काहीच नव्हतं.

रत्नाबाई : कशी असतील? शेंडा पाण्यात आनि बूड आभाळाकडं. उलटा ठेवलातास की गं.

आदिती : उलटा?

रत्नाबाई : टोकदार बाजू म्हंजे मूळ, असं वाटलं असंल. पुस्तकातल्या गाजरासारखं. घरात कांदाच न्हाई, तर पोरीला त्येचं वर-खाली कोण शिकवणार? एक दिवस वाट बघितली, म्हटलं कळंल. मग सोमवारी दुपारी मीच सुलटा केला. जुनी वाळकी मुळं नखानं खरवडली. रोज पाणी बदललं.

आदिती : तू हात लावलास? आणि तुझा नेम?

रत्नाबाई : खायचा त्याग हाय, हात लावायचा न्हवं. वास मात्र आला. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. माहेरी आमच्या रानात कांदा असायचा. बुक्कीनं फोडायचा आनि भाकरीबरोबर खायचा. त्येच्याएवढं मला दुसरं कायबी आवडलं न्हाई.

आदिती : मग सोडलास कशाला? त्यात अनंत जीव असतात म्हणून?

रत्नाबाई : असत्यातच की. ते माहेरीबी म्हाईत होतं. तरी खात होते.

आदिती : मग?

रत्नाबाई : काप तू. सात वाजतील.

आदिती : आज्जी, सांग.

रत्नाबाई : तू सातव्या महिन्यातच झालीस. सव्वा किलोची. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीती. डॉक्टर म्हणाले, बघूया. त्या 'बघूया'चा अर्थ मला कळला. मुनिमहाराजांपुढं जाऊन बसले, म्हटलं, मला सगळ्यात जास्त आवडतं ते सोडते, पोरगी ऱ्हाऊ दे. गोड सोडून काय उपेग न्हवता, मला गोड आवडतच न्हाई.

आदिती : पप्पांना माहीत आहे?

रत्नाबाई : त्येनंच ठरवलं, आई खात न्हाई तर घरात आणायचा न्हाई. बाहेर मिसळीवर मूठभर घालून घेतो, ते मला म्हाईत हाय. मी काय बोलत न्हाई.

पारस (खालून) : अव्वा, आदिती वर हाय का?

रत्नाबाई : हाय. माझ्याजवळ हाय. थांब जरा.

आदिती : मग आता सोड की नेम. सतरा वर्षांची झाले मी. चांगली धडधाकट आहे.

रत्नाबाई : तू जगलीस, म्हणून मोडायचा? असं कुठं असतंय?

आदिती : मला आता कापवत नाही, आज्जी. तू पाणी घालून वाढवलास. ह्या औषधात पेशी मरतात. जी जिथं असेल तिथंच थांबते.

रत्नाबाई : आनि कांदा?

आदिती : तो जगतो. टोकंच तेवढी कापायची. त्याला परत मुळं फुटतात.

रत्नाबाई : मग टाकायचा न्हाई त्येला. जास्वंदीच्या कुंडीत लावायचा. किती टोकं पायजेत?

आदिती : चार बास.

रत्नाबाई : पाचवं कापू नकोस. आण, ग्लास मी धरते. मी णमोकार मंत्र म्हणते, तू काप. हात हलवू नकोस.

आदिती : कांदा जरा उचलून धर.

रत्नाबाई : धरला. काप.

आदिती : झालं. चारच.

रत्नाबाई : उद्या दिसंल तुला? एकाचे दोन हुताना?

आदिती : दिसेल. मोबाइलवर फोटो काढून आणते. पण तुला कंटाळा येईल बघ. नुसते लाल ठिपके आणि रेघा. तासन्‌तास काचेतून बघत बसायचं, तेव्हा कुठं एखादी सापडते.

रत्नाबाई : आण तू. काचेतनं बघत बसायचं मला नवीन न्हाई. एकवीस दिवस बसलेते.