नेमाचा दिवस आणि अडकलेला रोटर

हॅलो? …हो दादा, मीच. अजून तिथेच आहे रे, बॉनेटखाली. …नाही ना निघत. …आईला नेलं का आत? …अजून नाही? बरं. …कधीही नेतील. हं.

…अरे, बस केव्हाच गेली. शेजारचे गाडी घेऊन बाहेर. आता हीच चालू झाली तर झाली. …डॉक्टर तसं म्हणाले? या वयात हृदय उघडायचं म्हणजे… नको, पुढचं सांगू नकोस. मला तिला आधी बघायचंय.

अहो, फोन जरा कानाला नीट धरा ना. …यांना सांगतेय. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्यात माझा फोन.

…हो, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. वायरींसकट बाजूला ठेवलीय. खालच्या रोटरला, त्या ठिणगी वाटणाऱ्या फिरकीला, तडा गेलाय, तू म्हणालास तसाच. तू मागे दिलेला नवा खिशात आहे. पण हा जुना दांड्याला चिकटूनच बसलाय. ओढून ओढून बोटं सोलली.

…स्क्रू? कुठला स्क्रू? सकाळपासून तर म्हणतोयस, नुसता वर ओढ, वर ओढ… …मधोमध? इथे नुसता काळा मळ आहे. थांब, नखानं खरवडते. …अगंबाई. आहे की. म्हणजे इतका वेळ मी स्क्रूशी भांडत होते? …हसू नकोस दादा. इथे माझा जीव टांगणीला लागलाय.

…नाही, खाच गुळगुळीत झालीय, स्क्रू ड्रायव्हर घसरतोय. …तेल सोडलं. …वरून ठोकू? हळूच? …हं… हं… आता दाबून फिरवते. …हलला. हलला रे. …निघाला.

…रोटर? नाही, तो तसाच. …दोन्हीकडून दोन स्क्रू ड्रायव्हर घालू? …हो, सारखंच उचलतेय. …फोडत नाही, तुकडे आत जातील, कळलं. …नाही. तसूभर नाही. …देवाचंच नाव घेतेय, दुसरं कुणाचं घेणार?

…काय घालू? शिवी? …तुझ्या गॅरेजात निघत असेल शिवीनं. माझा नेम आहे. दिवस मावळेपर्यंत तोंडून वाईट शब्द नाही. आईनंच घालून दिलाय, तुला माहीत आहे. …आज तर मुळीच नाही. आज मोडला आणि तिकडे काही… नको रे. मला भीती वाटते.

…जागी आहे? दे. दे तिला.

आई… हो गं, मीच. …रडत नाहीये, घाम आहे. …येतेच आहे. आई, मी पोचेपर्यंत डॉक्टरांना थांबव ना. …हं. ते कुणासाठी थांबत नाहीत. …काय? दादानं सांगितलंसुद्धा? …आई, नेम तूच दिलास आणि आता तूच… …पाप तुझ्या नावावर? …बरं. एकच. पण ‘मेल्या’ नाही म्हणणार. …माहीत आहे, तू बाबांच्या सायकलला तेच म्हणायचीस. आज तो शब्द नको गं. आज नको.

अहो, तुम्ही तिकडे बघा.

गाढवा. नीघ की रे.

…आई. हातात आला.

…थांब हां, नवा बसवते. …खाच जुळली. स्क्रू… टोपी… चाप लागले. अहो, फोन इंजिनाजवळ धरा. मी किल्ली फिरवते.

…नाही लागली. …पुन्हा.

…लागली. आई, लागली बघ. ऐकू येतंय? …अहो, द्या फोन इकडे. …आई?

…दादा? तू का बोलतोयस? …नेलं? आत्ता? …तिनं ऐकलं का पण? …दारापर्यंत फोन कानालाच होता? …काही म्हणाली?

…‘गाढव खोकतंय, पण चालतंय.’

…हो. …हो रे, हळूच येते. …नाही, मी पोचल्याचं तू सांगू नकोस. ती बाहेर आली की मीच सांगेन.

अहो, बॉनेट पाडा, बसा आत. …ठेवते दादा.