दादाने आवळलेला बोल्ट

वहिनी : ...मनी बसतच नाही गाडीत. कॉलेजला चालत जाते. परवा खोदून विचारलं, तर म्हणाली, मागे बाबा श्वास घेतात.

दीर : असं म्हणाली?

वहिनी : शेवटी शेवटी यायचा ना, तसाच आवाज. चढायचा, मध्येच अडकायचा, मग खाली यायचा. तुम्ही ऐकलाय तो, भावजी. तुम्हीच तर बसायचात त्यांच्या उशाशी.

दीर : गाणं चालू असताना येतो का?

वहिनी : गाणी कोण लावतंय आता. नुसती किल्ली फिरवायची.

दीर : फिरवा बरं.

(इंजिन सुरू होतं. मागच्या स्पीकरमधून घरघर चढते, अडकते, खाली येते.)

दीर : बंद करा, वहिनी.

वहिनी : पटलं?

दीर : अॅम्प्लिफायरचं अर्थिंग आहे हे. डिकीतली ही काळी वायर पत्र्याला नीट टेकली नाही, की इंजिनाची घरघर स्पीकरमध्ये शिरते. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग थोडा वरखाली होतोय, तसा आवाजही होतो. एवढंच.

वहिनी : एवढंच असेल तर तुमचा चेहरा का उतरला?

दीर : हा बोल्ट दादाने आवळलाय. आठवतंय, अंगणात खुर्ची टाकून बसला होता, नाकात नळी घालून? बाकी सगळं माझ्याकडून करून घेतलं. वायर इकडून ने, फ्यूज बॅटरीजवळच लाव, गाढवा, एवढंही शिकवलं नाही का मी तुला. शेवटी म्हणाला, अर्थिंग मी करणार, पाना दे. पत्र्यावरचा रंग खरवडायचं त्राण नव्हतं अंगात. रंगावरच बोल्ट बसवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पक्कं झालं ना रे?"

वहिनी : तुम्ही काय म्हणालात?

दीर : म्हटलं, पक्कं झालं.

वहिनी : मग नंतर आवळायचा.

दीर : तो गेल्यावर ही डिकी उघडवली नाही मला.

वहिनी : भावजी, मनी कॉलेजला गेली की मी बसते गाडीत. मागच्या सीटवर. किल्ली फिरवायची आणि मागे जाऊन बसायचं. कधी कधी बोलतेसुद्धा त्यांच्याशी.

दीर : वहिनी...

वहिनी : काल ती लवकर आली. काचेतून पाहिलं तिने मला. रडली नाही, काही नाही. दार उघडून एवढंच म्हणाली, "आई, तूही जाणार आहेस का?"

(दीर पाना उचलतो.)

वहिनी : रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठले आणि गाडी घेऊन सरळ तुमच्याकडे आले. हा आवाज आता बंद करा. आधी बॅटरीची वायर काढा.

दीर : काढली. आता इथला रंग काढायचा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. सरका, मी घासतो.

वहिनी : द्या इकडे तो पॉलिश पेपर.

दीर : हात सोलवटतील.

वहिनी : सोलवटू देत. ...एवढं बास?

दीर : बास. वायर ठेवा, आता बोल्ट. अजून फिरवा. मी आवळू का?

वहिनी : नको. बसतोय. ...बसला. तुम्ही ओढून बघा. खरं सांगा हं.

दीर : हलत नाही. खरंच पक्का बसलाय.

वहिनी : मग लावा बॅटरी.

दीर : लावली. अॅम्प्लिफायरचं आवाज वाढवायचं बटण, गेन, तेही कमी करतो. औषधांनी कान बधिर झाले होते त्याचे, शेवटपर्यंत पिळून ठेवलंय. एखादं गाणं लावा, त्यावर जुळवतो. ...इथे फाटतोय आवाज, म्हणून जरा मागे. झालं. आता गाणं बंद करा आणि किल्ली फिरवा.

वहिनी : फिरवली.

दीर : हं.

वहिनी : चालू झाली का?

दीर : झालीय. मागचा आवाज गेलाय, म्हणून कळत नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बघा.

वहिनी : हो, इंजिनाची थरथर लागतेय हाताला. ...जरा वेळ अशीच राहू द्या.