कोरडा करून बघा

— स्वच्छ? याला स्वच्छ म्हणता? अहो, आत्ता माझ्याच बादलीत बुचकळलात म्हणून! गळाला लावायचा हा प्लास्टिकचा मासा ओला असला की चकाचक दिसणारच — पाणी ओरखड्यांत भरून बसतं. आता पुसतो. हं, बघा! झाला की नाही पांढराफटक? आतली चंदेरी पट्टी दिसते? डोंबल दिसते! काय म्हणता, पाण्यात दिसेल? मग गिऱ्हाईक काय पाण्यात बसून विकत घेतं?

कुण्या शहाण्यानं घासलाय हा? ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडला आणि थेट हजारावर उडी! मधले दोनशे, चारशे, सहाशे कोण घासणार — याचा बाप? अहो, पाणी लावून घासायचं, एकदा आडवं, मग पुढच्या पेपरनं उभं — आधीचा ओरखडा पुरता जाईस्तोवर. मग पेस्ट, मग सुती फडकं. आणि कोरडा करून बघायचं, कोरडा! एवढी अक्कल आमच्या दाजींनाही नव्हती. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा — जाड चष्मा लावून, मान तिरकी करून अकरा वर्षं त्या स्टुलावर बसून घासायचे. एकदा दोनशे मासे परत आले, सगळे असेच धुरकट. मी चारचौघांत सुनावलं, तुमचे हात कामाचे नाहीत. उठले, गेले. ताईनं तेव्हापासून माझा उंबरा ओलांडला नाही. नाही तर नाही! मी काय खोटं बोललो?

थांबा — शेपटीखाली ही खाच कसली? चिमट्यात धरून घासलं की पडते अशी. दाजी तर हातातच धरायचे. चिमटा मी वापरतो, माझा अंगठा अधू आहे ना — म्हणजे — त्या आठवड्यात घाई होती हो. त्या परत आलेल्या माशांतले चार-दोन मी घासले असतील, हा त्यांतलाच. बरं, वीस. बरं बाबा, सगळेच! दाजी तापानं घरी पडले होते. ओलेच बघितले आणि पेटीत भरले मी. पण मग त्या माणसानं तोंड उघडायचं ना तेव्हा! गप्प का बसले?

कुठून आणलात हा? पुलाजवळच्या दुकानातून? जाड चष्मा, मान जरा तिरकी? काय म्हणाले? ‘ज्यानं घासलाय त्याच्याकडेच न्या’ — एवढंच? ताईबद्दल काही? नाही. बरं.

ठेवा तो इथं. पैसे नकोत म्हटलं ना! आणि निघा आता, दुकान बंद झालंय. उघडं दिसतंय? दिसू द्या. जा तुम्ही.